पावणेपाच हजारांचा लाख

लाखाची गोष्ट, लाखात एक, लाखमोलाचा जीव, असं कुणी बी म्हणतं. जिभेला काय हाड असतं व्हय? पण लाख म्हंजे किती, ते एकदा हातानं मोजून बघा. आमी मोजलाय. चिंचवडला नदीकाठच्या आमच्या घरात तीन बायका आन् एक पोर, श्रावणापासनं मार्गशीर्षापर्यंत लाखच मोजत बसलो व्हतो.

मी शालन, घरातली थोरली सून. माझं तोंड फाटकं हाय, ते गावाला ठाव हाय, तुमाला बी आधीच सांगून ठेवते. धाकटी जाऊ दुर्गा, माहेर चाकणचं, ती माझ्या अगदी उलट. मी दहा शब्द बोलीन तवा ती एक बोलणार, आन् तो एक बी तोलूनमापून. पण बोलली की बोलली, दिलेला शब्द कधी फिरवला न्हाई तिनं. सासूबाईंचं नाव छबूबाई, आमी त्यांना आत्याबाई म्हणायचो. आन् दुर्गाची एकुलती लेक हौसा, चौथीतली. हौसाच्या आधी दुर्गाला दोन झाली, ती राहिली न्हाईत. ही राहिली म्हणून हौसेनं नाव ठेवलं हौसा.

या हौसाला मागं एकदा ताप आला, सांधे सुजले. ताप उतरला, सांधे बी बरे झाले, आमी म्हणालो सुटलो बाई. पण तो ताप काळजात जाऊन बसला व्हता. पुण्याच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आन् सांगितलं, काळजाची झडप खराब झालीय, पोरीला पळू देऊ नका, जिना चढू देऊ नका, दर म्हयन्याला सुई टोचून न्या. सुई पेनिसिलीनची. आन् नशीब बघा, त्याच वर्षी शेजारी पिंपरीला त्याच औषधाचा सरकारी कारखाना उभा राहत व्हता. हौसाचा बाप, माझा धाकटा दीर रंगराव, तिथं बांधकामावर जायचा. संध्याकाळी सिमेंटनं पांढराफेक होऊन यायचा आन् लेकीला म्हणायचा, "एवढ्या भिंती वर येऊ दे हौसे, मग तुझं औषध आपल्या दारात." भिंतींना वेळ लागतो. पोरगी हळूहळू शाळेतनं ओट्यावर आली, ओट्यावरनं घरात आली, आन् त्या श्रावणात बाजेवर आली.

तवा दुर्गानं मोरयाला नवस केला. माझी लेक उठून चालू लागू दे, तुला लाख दुर्वा वाहीन. नवस म्हंजे आधी मागायचं आन् मिळालं की फेडायचं, जगाची रीत अशी. हिनं उलटं केलं. म्हणाली, "आधी मी वाहते, मग त्यानं द्यावं. उधारीवर मागितलं तर त्याला वाटंल हिचा भरवसा न्हाई."

आता गणपतीला दुर्वा वाहायच्या त्या एकवीस-एकवीसच्या जुडीनं. कोवळी, तीन पात्यांची दुर्वा बघून खुडायची, एकवीस झाल्या की बुडाशी दोरा बांधायचा. अपुरी जुडी देवाला चालत न्हाई, आन् सुट्ट्या दुर्वा लाखोलीत धरत न्हाईत. किती जुड्या झाल्या म्हंजे लाख, ते आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"लाखाला पावणेपाच हजार जुड्या. माझ्या सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. पावणेपाच हजार झाल्या की नारळ फोडायचा आन् मोकळं व्हायचं."

बाजेवरनं हौसा म्हणाली, "आजी, पावणेपाच हजारच कशावरनं?"

"म्हाताऱ्या बायकांनी काय उगा सांगितलं का गं? पाच हजाराला जरा कमी."

पोरीनं पाटी ओढली. दत्तोबा मास्तर शाळेतनं जाता-येता तिच्याकडं डोकवायचे, पडल्यापडल्या करायला गणितं द्यायचे, म्हणून पाटी-पेन्सिल उशालाच असायची. तिनं एकाखाली एक आकडे मांडले, जीभ बाहेर काढून भागाकार केला, आन् म्हणाली, "आजी, तुझ्या पावणेपाच हजारानं लाख होतच न्हाई. अडीचशे दुर्वा कमी पडत्यात."

"अगं बया!" मी म्हणाले. "मग चिंचवडच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी देवाला अडीचशेला टोपी घातली की!"

आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट दुर्वा निवडायला लागले. हौसाला म्हणाल्या, "देव काय तुझ्या मास्तरच्या शाळंत जातोय व्हय, पाटी तपासायला?"

हौसा कुठली ऐकते. "चार हजार सातशे एकसष्ट जुड्या पायजेत. आन् तेवढं करून बी एकोणीस उरत्यात."

 दुर्गानं हातातली जुडी खाली ठेवली. "उरत्यात म्हंजे?"

"म्हंजे एकोणीस दुर्वा राहत्यात आन् त्यांची जुडी होत न्हाई. दोन कमी पडत्यात. बघ की." आन् तिनं पाटी आईपुढं धरली. दुर्गाला अक्षर येत नव्हतं, पण तिनं पाटीकडं बघितलं खरं, लई वेळ बघितलं. मग म्हणाली, "मी लाख बोललेय. पावणेपाच हजाराचा लाख बोलले न्हाई. हौसा सांगंल तेवढ्या जुड्या करू."

तिथनं पुढं त्या पोरीला लाखाचं वेडच लागलं. आमी सकाळी नदीच्या थडीनं, बांधाबांधानं टोपली भरून दुर्वा आणायचो, दुपारभर निवडायचो, आन् हौसा बाजेवरनं जुड्या मोजायची आन् लाखाच्या गोष्टी सांगायची. तिच्या गोष्टीत राजाराणी नव्हती. एक दिवस म्हणाली, "काकी, लाखाच्या घरात कोण कोण राहतंय सांगू? फक्त दोन आन् पाच. दोनानं भागलं, परत भागलं, पाच डाव दोन निघून गेले. मग पाचानं भागायला लागले, पाच डाव पाच निघून गेले, आन् घर रिकामं. दुसरं कुणीच न्हाई."

"आन् बाकीचे कुठं जात्यात?"

"तीन आन् सात दारात उभे राहत्यात. लाख त्यांना आत घेत न्हाई. आन् एकवीस म्हंजे काय? तीन साती एकवीस. मग बसंल कसं?"

"लई माजलाय गं तुझा लाख," मी म्हणाले. "सोयऱ्याला दारात उभं करतोय." हौसा अशी हसली, की दुर्गानं डोळे वटारले. हसलं की पोरीला धाप लागायची.

पण हौसाला तेवढ्यानं समाधान नव्हतं. तिला वाटलं, लाखात एकवीस जात न्हाई तर दहा लाखात जाईल, कोटीत जाईल. मास्तरांनी शाळेत सगळे मोठे आकडे पाठ करून घेतले व्हते, लाख, कोटी, अब्ज, खर्व, ते पार परार्धापर्यंत. एक एक घेऊन ती भागायला लागली. पाटीवर मावत नव्हते, तर म्हणाली मावायची गरजच न्हाई, उरलेल्या आकड्यावर एक शून्य द्यायचं आन् परत भागायचं. दहा लाखाला एक उरला. दुपारी अशी ओरडली, मला वाटलं हिला काय झालं!

"आई! दहा लाखाला एकच दुर्वा उरते! तू दहा लाखाचा नवस बोल, एक दुर्वा मी खाऊन टाकते."

"तोंड बघ खाणाऱ्याचं," आत्याबाई म्हणाल्या. "दहा लाख दुर्वा खुडायला आख्खं मावळ आणावं लागंल." पण त्यांना बी हसू आवरलं न्हाई.

कोटीला दहा उरले, दहा कोटीला सोळा, मग तेरा, मग चार, मग परत एकोणीस, परत एक. तेच तेच आकडे फिरून यायला लागले. पोरीनं परार्धापर्यंत नेलं. परार्ध म्हंजे एकावर सतरा शून्यं, मला तर ऐकूनच गरगरलं. परार्धाला बी एकोणीसच उरले, लाखाला उरले तेवढेच. पाटी छातीवर ठेवून पडून राहिली. म्हणाली, "काकी, कितीबी शून्यं देऊ दे, बसणारच न्हाई. कधीच न्हाई." हे बोलताना खूश दिसत व्हती ती. मास्तरांना सांगितलं तर मास्तर बी ओट्यावर बसूनच राहिले. म्हणाले, "हे मी शिकवलं नव्हतं हो हिला." मी त्यांना म्हणाले, गुळाचा चहा घ्या, थंड होतोय.

दिवाळी गेली. थडीच्या दुर्वा निबर व्हायला लागल्या, आमी पार मळ्याच्या पाटापर्यंत जायला लागलो. हौसाच्या पायांवर सूज यायला लागली. पावणेपाच हजार झाल्या त्या दिवशी आत्याबाई नारळ घेऊनच उभ्या राहिल्या. "झाला लाख. चला."

"न्हाई आत्याबाई," दुर्गा म्हणाली. "अजून अकरा जुड्या, आन् वर एकोणीस."

आत्याबाईंनी नारळ फडताळात ठेवला. भांडी आपटली जरा.

अकरा जुड्या दुसऱ्या दिवशी झाल्या, वाहून बी आलो. राहिल्या एकोणीस. आता आली का पंचाईत! एकोणीसची जुडी चालत न्हाई. मी म्हणाले, "घाल की त्यात दोन आन् वाहून टाक. देव काय दोन दुर्वा परत करणार हाय?"

दुर्गा म्हणाली, "अक्का, मी जास्तीचं बोलले न्हाई. जास्त दिलं तर जास्त मागितल्यागत व्हईल. मला एवढंच मागायचंय."

असली माणसं! मला तर तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोड काढली ती हौसानंच. "आई, एकोणीस तुझ्या. वरच्या दोन माझ्या. मी येईन आन् माझ्या हातानं घालीन. मग तुझा लाख बी पुरा आन् जुडी बी पुरी."

दुर्गाचं तोंड असं उजळलं, की तसं मी आधी कधी बघितलं नव्हतं, आन् नंतर तर न्हाईच न्हाई. चार दिवसांवर संकष्टी व्हती. रंगराव म्हणाला, संकष्टीला सुट्टी टाकतो, हौसाला खांद्यावरनं देवळात नेतो. ठरलं. हौसा म्हणाली, दारापर्यंत खांद्यावर, आत मी चालत जाणार.

संकष्टीच्या आदल्या दिवशी दुपारी हौसा गेली. आईला म्हणाली, उशी उंच कर, श्वास लागतोय. दुर्गा उशी घेऊन वळली, तेवढ्यात. मी चुलीपाशी व्हते. दुर्गा ओरडली न्हाई, मला नुसतं म्हणाली, "अक्का, ही बघा की." मी बघितलं. आन् मग मीच ओरडले.

त्याच्यापुढचे दिवस मला सांगता यायचे न्हाईत, आन् सांगणार बी न्हाई. पोर गेलेल्या घरात सगळं तसंच चालू राहतं, म्हशीची धार काढावी लागते, भाकरी थापावी लागते, एवढं सांगते.

दिवसपाणी झालं आन् मग आत्याबाईंचं तोंड सुटलं. म्हातारी नातीवर जीव टाकत व्हती, ते खरं. पण दुःखाला वाट पायजे असते, आन् घरात वाट सुनेवरनंच जाते. "पावणेपाच हजाराला नारळ फोडला असता, तर देवानं हात दिला असता. आमच्या बायकांचं ऐकायचं न्हाई, पाटीवरचं ऐकायचं. एकोणीसासाठी अडून बसली. हिच्या काटेकोरपणानं पोर गेली माझी." उठता बसता हेच. शेजारणी यायच्या, त्यांच्यापुढं बी हेच.

दुर्गा ऐकून घ्यायची. माझ्यासारखी असती तर पातेलं फेकून मारलं असतं. पण ती म्हणायची, "व्हय, माझंच चुकलं. थांबायला नको व्हतं." खाणं सुटलं तिचं. ताट पुढं केलं की एक घास घ्यायची आन् हात धुवायची. मग एक दिवस आत्याबाई रंगरावाला म्हणाल्या, "हिला चाकणला माहेरी पोचव. देवाचं अर्धवट ठेवणारी बाई मला या घरात नको."

रंगराव खाली मान घालून बसला. भिंती बांधणारा गडी, आईपुढं जमिनीवरची काडी मोडत राहिला.

दुर्गा म्हणाली, "धाडा मला. आत्याबाईंचं खरं हाय."

आता माझं डोकं फिरलं. एका बाईची लेक गेली, आन् वर घर बी जायचं, आन् ती म्हणतीय खरं हाय! चाकणला भाऊ-भावजयीच्या दारात ही बाई म्हयनाभर बी जगली नसती, एक घास खाऊन हात धुणारी बाई. मी डोक्यावर पदर घेतला आन् तडक दत्तोबा मास्तरांच्या घरी गेले. म्हणाले, "मास्तर, तुमच्या गणितानं आमच्या घरात खून पडतोय. उद्या रविवार हाय, रंगराव घरी असतोय. या, आन् सगळ्यांपुढं सांगा की हिचं काय चुकलं न्हाई."

मास्तर म्हणाले, "शालनबाई, दुःखात गणित सांगू नये."

"मग काय कीर्तन सांगणार हाय?" मी म्हणाले. "गणितानंच खुंटा मारलाय, गणितानंच काढा."

रविवारी सकाळी मास्तर आले. टोपी काढून हातात धरली. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या व्हत्या, रंगराव उंबऱ्यावर, दुर्गा आतल्या दारात. मीच सुरुवात केली. "आत्याबाई, तुमी म्हणता एकोणीस कमी पडल्या म्हणून नवस अर्धवट राहिला. मास्तर, लाखात एकवीस बसतंय का?"

"नाही बसत," मास्तर म्हणाले. खिशातला खडू काढून त्यांनी सारवलेल्या जमिनीवर मांडून दाखवलं. "लाख म्हणजे पाच वेळा दहा एकमेकांनी गुणलेले. दहा म्हणजे दोन गुणिले पाच. त्यात तीन नाही, सात नाही. म्हणून एकवीसच्या जुड्यांनी बरोबर लाख कुणाच्याच हातून होणार नाही, छबूबाई. या जगात कुणाच्याच. एकोणीस तरी उरतील, नाहीतर दोन तरी जास्त होतील. हौसानं हे स्वतः शोधून काढलं होतं. दुर्गाबाईंनी आळस केला नाही, हयगय केली नाही. जे होण्यासारखंच नव्हतं, ते त्यांच्या हातून झालं नाही, इतकंच."

"मला नका सांगू," आत्याबाई म्हणाल्या. "माझा झाला की लाख. हा रंगराव तीन वर्षाचा असताना घटसर्पानं निळा पडला व्हता. तवा मी लाख वाहिला, पुरा लाख, पावणेपाच हजार जुड्या, माझ्या हातानं. मोरयानं दिला की मला माझा ल्योक! बसलाय बघा उंबऱ्यावर!"

ह्याचीच मी वाट बघत व्हते. आवाज चढवून म्हणाले, "मास्तर, पावणेपाच हजार जुड्या म्हंजे दुर्वा किती?"

मास्तर खडू खिशात घालायला लागले. त्यांना बोलायचं नव्हतं. मी म्हणाले, "सांगा की!"

"नव्याण्णव हजार सातशे पन्नास."

"म्हंजे लाखाला किती कमी?"

"अडीचशे."

"ऐकलंत आत्याबाई? हिच्या एकोणीस कमी पडल्या, तुमच्या अडीचशे! तुमचा नवस हिच्याहून अर्धवट! तरी मोरयानं तुमचा ल्योक दिला का न्हाई? मग देव दुर्वा मोजून देत न्हाई, एवढं तरी कबूल करा, आन् या बाईच्या पाठीमागचं तुमचं तुणतुणं बंद करा!"

 तुमाला सांगते, अशी जिंकले मी, अशी जिंकले, की घरात आल्यापासनं कधी तशी जिंकले नव्हते. रंगरावानं मान वर केली. मी दुर्गाकडं वळले, म्हणाले, "ऐकलंस ना गं? तुझी काडीची बी चूक न्हाई. आता खा पोटभर."

दुर्गा रंगरावाकडं बघत व्हती. नवऱ्याकडं बायको बघते तसं न्हाई, एखाद्या नव्या माणसाकडं बघावं तसं. मग सावकाश बोलली, तिचं ते तोलूनमापून बोलणं.

"ह्यांच्या वेळी अडीचशे कमी पडल्या. तरी ह्यांना ठेवलं."

"व्हय की!" मी म्हणाले. "तेच तर!"

"माझ्या एकोणीसच कमी पडल्या. मग माझी लेक का नेली?"

मी मास्तरांकडं बघितलं. मास्तर खडूनं लिहिलेल्या आकड्यांकडं बघत व्हते.

"सांगा की अक्का," दुर्गा म्हणाली. "माझी चूक व्हती तवर मला ठाव व्हतं ती का गेली. मी थांबले म्हणून गेली. रोज मी मनात म्हणत व्हते, त्या दिवशी नारळ फोडला असता तर हौसा आज असती, इथं बसली असती. आता तुमी म्हणता फोडला असता तरी बी तेच. मग ती का गेली? उगाच गेली? माझी हौसा उगाच गेली?"

तिचा आवाज चढत गेला, त्या बाईचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. दाराची चौकट धरून ती खाली बसली आन् डोकं चौकटीवर आपटायला लागली. रंगराव उठला, पण जागचा हलंना.  ज्या तोंडानं आख्ख्या गावाला गप्प केलं, ते तोंड मेलं कुठं गेलं काय जाणे. देवा, वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी तिला सोडवायला गेले व्हते, आन् तिच्या हातात धरायला जेवढं व्हतं तेवढं बी काढून घेतलं.

उठल्या त्या आत्याबाई. गुडघ्यावर हात देत उठल्या, दुर्गापाशी जाऊन बसल्या, आन् तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं.

"कुणी सांगितलं गं उगाच गेली?" आत्याबाई म्हणाल्या. "मास्तरला काय कळतंय बायकांचं? पावणेपाच हजार म्हंजेच लाख. बायकांचा लाख तेवढाच असतोय, देवाला ठाव हाय ते. माझा पुरा व्हता म्हणून मला दिला. तुझा बी त्या दिवशी पुरा झाला व्हता, आन् तू थांबलीस. चुकलीस तू."

दुर्गानं मान वर केली. "मीच चुकले ना, आत्याबाई?"

"व्हय गं माझी बाय. तूच चुकलीस."

"मी थांबले म्हणूनच ना?"

"व्हय. तू थांबलीस म्हणून."

दुर्गानं आत्याबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं. आत्याबाई तिच्या केसांवरनं हात फिरवत व्हत्या आन् त्यांच्या डोळ्यांतनं धारा लागल्या व्हत्या, आन् तरी म्हणत व्हत्या, चुकलीस गं, चुकलीस. लेकराला झोपवताना म्हणावं तसं म्हणत व्हत्या. मग माझ्याकडं मान करून म्हणाल्या, "शालन, भात टाक. मऊ टाक, हिला खायला."

मास्तरांनी पायानं खडूचे आकडे पुसले, टोपी घातली आन् गेले. मी भात टाकला. दुर्गा त्या दिवशी निम्मं ताट जेवली.

चाकणला तिला कुणी पोचवलं न्हाई, तो विषयच परत निघाला न्हाई. पुढं शेजारणी आल्या की आत्याबाई म्हणायच्या, हिचं एवढं एक चुकलं बघा, आन् दुर्गा मान डोलवायची. आन् आत्याबाई माझ्याकडं बघायच्या, तवा मी बी म्हणायची, व्हय, चुकलंच.